दळणातलं मीठ

पहिला घास तोंडात गेला आणि मी चावायचीच थांबले. भाकरी खारट होती. भाजी नव्हे, भाजीत मी मीठ घातलंच नव्हतं, भाकरी. घास गालात धरून मी तशीच बसले. रविवारची दुपार, धुळ्यातल्या देवपुरातली माझी भाड्याची खोली, इंडक्शनवर अजून गरम असलेला तवा, ताटात बिनमिठाची गिलक्याची भाजी आणि कळण्याची भाकरी. ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळायचे, त्या पिठाला आमच्याकडे कळणा म्हणतात. पीठ आईने यावलकडच्या आमच्या गावाहून पाठवलेलं, पण मळलं मी होतं, कोमट पाण्यात, माझ्या हातांनी. मिठाचा डबा तर शुक्रवारीच शेजारच्या खोलीतल्या कामिनीकडे ठेवायला दिला होता, मोह नको म्हणून. मग हे मीठ आलं कुठून? मी दुसरा तुकडा मोडला आणि नुसताच जिभेवर ठेवला. खारट. चांगली, चवदार, नेहमीसारखी खारट. आणि 'नेहमीसारखी' हा शब्द मनात उमटला तशी मी हातातली भाकरी खाली ठेवली. दोन दिवस सगळं मिळमिळीत खाऊन जीभ इतकी हावरी झाली होती, की बावीस वर्षं जे तिला कळलं नव्हतं ते एका घासात कळलं. ताट बाजूला सारलं. जेवण गेलं ते गेलंच.

हे अळणी खाणं काही माझी हौस नव्हती. मी जळगावच्या कॉलेजात आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी धुळ्याच्या एका हॉस्पिटलात आले आहे. तिथल्या आहारतज्ज्ञ सबीहा मॅडमचा एक नियम आहे: पेशंटला जे पथ्य लिहून द्याल ते आधी स्वतः तीन दिवस खायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात आम्हां मुलींना ही गंमत वाटली होती. गंमत म्हणजे काय, डायबेटिसचं पथ्य मी मस्त पार पाडलं, वजनही दीड किलो उतरलं. पण बिनमिठाच्या पथ्याला पहिल्यांदा बसले तेव्हा दीड दिवसात हात टेकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात शेवभाजी खाल्ली, तर्रीचा थेंब न थेंब भाकरीने पुसून घेतला, आणि खोलीवर येऊन वहीत तिन्ही दिवसांचे रकाने भरून टाकले. मॅडमनी सही केली. कोणाचं काय बिघडलं? त्याच वहीच्या जोरावर मी उखर्डू आबांना पथ्य लिहून दिलं.

आबा शिरपूरकडच्या एका खेड्यातले. सत्तरीचे, हृदय अशक्त झालेलं, अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, दोन पायऱ्या चढले की धाप लागते. अशा माणसाला दिवसाचं मीठ अर्ध्या चमच्यावर आणावं लागतं. पहिल्या वेळी औषधं आणि पथ्य घेऊन ते बरे होऊन गेले, आणि अठरा दिवसांनी पुन्हा आले. पायाला बोट लावलं तर खळगा पडून तसाच राहत होता. गुरुवारी मी त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय पोटात गेलं ते विचारायचं, याला आम्ही रिकॉल म्हणतो. आबांना धाप लागत होती म्हणून उत्तरं त्यांची बायको देत होती. भिकुबाई. बुटकी, कपाळावर गोंदण, लुगड्याचा पदर डोक्यावरून कधी न ढळणारी बाई. मी छापील प्रश्न ओळीने विचारत गेले. भाजीत मीठ? नही. वरणात? नही. लोणचं, पापड, फरसाण? नही माय, नही. भाकरी कळण्याची, दिवसाला चार. भाकरीत मीठ घालता? "भाकरमा कोन मीठ घालस?" त्या हसल्या. मी तेच तीनदा फिरवून विचारलं आणि चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्या हसायच्या थांबल्या. "मी मिठले हात बी लावा नही, पोरी. मी बी अळणीच खाई राहिनी त्यासनासंगे. अठरा दिन." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आबांच्या पायांकडे पाहिलं, आणि पायांवर विश्वास ठेवला. फाइलमध्ये लिहिलं: पथ्य पाळले जात नाही, पत्नीने दिलेली माहिती विश्वासार्ह नाही.

ती ओळ माझी पहिली होती जी कोणी वाचली. हे सांगायला लाज वाटते, पण तेच खरं आहे. हॉस्पिटलात आम्हाला कोण विचारतं? पांढरा कोट घातला तरी पेशंट सिस्टर म्हणतात, सिस्टर पथ्यवाली म्हणतात, आणि राउंडला डॉक्टर आमच्या नोंदीवरून पान उलटून पुढे जातात. घरी तर उजेडच आहे. मोठे काका गेल्या दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणाले, "डायटिशन म्हणजे काय गं डिंपल, लोकांना उपाशी ठेवायचं शिक्षण? ते तर कोणालाही येतं." मीसुद्धा हसले होते. पण शुक्रवारी राउंडला डॉक्टर त्या ओळीपाशी थांबले, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "छान. कोणीतरी स्पष्ट लिहिलं." माझे कान गरम झाले. मग त्यांनी आबांच्या मुलाला, प्रेमराजला, जवळ बोलावून ती ओळ दाखवली. प्रेमराज इथेच एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहे, बापासाठी रजा टाकून दोन दिवस वॉर्डात उभा होता, डोळे तारवटलेले. त्याने वाचलं आणि तो आईवर घसरलाच. "माय, आते खरं सांग. लपाडीसन मीठ देस ना तू त्यासले? लिखेल शे आठे!" भिकुबाईंनी आबांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. लिहिलेल्यापुढे त्या काय बोलणार होत्या? त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं: आबा बरे झाले की त्याच्याच घरी राहतील, सून डबा करील, आणि आईने रविवारी चारच्या गाडीने गावी जायचं. "तू त्यासना जेवनले हात लावू नको." मी दोन खाटा सोडून एकाचं वजन घेत होते आणि काट्यावरून नजर उचलत नव्हते. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. एका म्हाताऱ्या माणसाचा जीव वाचवल्यासारखं.

मॅडमनी मात्र छान वगैरे म्हटलं नाही. ओळ वाचली, चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, "आबा घरी जे खातात ते तू खाऊन पाहिलंस?" मी हो म्हणाले, कारण वहीत तसं लिहिलेलं होतं. पण त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर काही केल्या चैन पडेना, आणि मिठाचा डबा कामिनीकडे दिला तो तेव्हा. म्हटलं, या वेळी पूर्ण तीन दिवस. शुक्रवार रात्र आणि शनिवार हॉस्पिटलच्या मेसमधलं पेशंटांचं अळणी जेवण, आणि रविवारी दुपारी मेस बंद म्हणून थेट आबांचं ताट: अळणी भाजी, कळण्याची भाकरी.

आईला फोन लावला. तिने उचलला तेव्हा मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. आई, कळण्यात मीठ असतं का गं? "हे काय विचारनं झालं?" ती म्हणाली. "मीठ तं दयनातच टाकते मी. पायलीले एक मूठ खडेमीठ. मिठाबिगर कयना दयते का कोनी? पीठ टिकत बी नाही. का वं, खारट झाली का?" नाही, म्हटलं, बरोबर आहे. "मंग जेव ना. फोन काय करते!"

आणि मग सगळंच आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलं कधी होतं? शनिवारी सकाळी ओसरीवर आई सुपात ज्वारी पाखडायची, तीत काळे चकचकीत उडीद ओतायची, हाताने वरखाली करायची, आणि शेवटी डब्यातून मूठभर खडेमीठ काढून वरून सोडायची. त्याचा आवाजही मला येतो, दाण्यांवर खडे पडल्याचा बारीक खडखड आवाज. मग डबा माझ्या डोक्यावर, चुंबळीवर. पुना गिरणीवाल्याकडे जाताना वाटेत डबा खाली उतरवायचा, झाकण काढायचं आणि मिठाचा खडा शोधून तोंडात टाकायचा. सात-आठ वर्षांची असेन. गिरणीत पुनाकाकांच्या भुवया पांढऱ्या, कानावरचे केस पांढरे, पट्ट्याचा घरघराट, आणि गरम पिठात हात खुपसून ठेवायची मजा. परतताना जिभेवर मीठ असायचंच. इतकी वर्षं मी ते मीठ वाहून नेलं आहे, डोक्यावरून आणि जिभेवरून, आणि गुरुवारी स्टुलावर बसून एका बाईला विचारलं, भाकरीत मीठ घालता का? त्या नाही म्हणाल्या. नाहीच घालत. कोणीच घालत नाही. पिठात काय आहे ते मी विचारलंच नाही, आणि ते कुठल्या छापील कागदावर नव्हतं. कॉलेजच्या तक्त्यात ज्वारीची भाकरी आहे, बाजरीची आहे, कळण्याची नाही. आणि नाही म्हणून मीही कधी कुरकुर केली नाही. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला 'घरचा एक पदार्थ' करून आणायला सांगितला तेव्हा मी ओट्सचा उपमा नेला होता. आमच्या घरात ओट्स कोणी पाहिलेही नव्हते. कळण्याची भाकरी नेली असती तर कॉलेजच्या मॅडमनी कृती विचारली असती, आणि कृतीत पहिल्याच ओळीत मीठ आलं असतं. लाज वाटली, म्हणून गप्प राहिले. आणि त्या गप्प राहण्याचा भुर्दंड आता कोण भरत होतं?

कागद घेऊन आकडे मांडले. पायलीला मूठ, म्हणजे एका भाकरीत अंदाजे दीड ग्रॅम. आबा चार भाकऱ्या खातात. सहा ग्रॅम. भाजीतलं, वरणातलं, लोणच्यातलं मीठ त्या बाईने काढून टाकलं, स्वतःही तसंच खाल्लं, आणि तरी नवऱ्याच्या पोटात रोज ठरल्याच्या दुप्पट मीठ जात राहिलं. सव्वातीन वाजले होते. चारची गाडी.

आणि तरीही मी लगेच उठले नाही, हेही सांगायला हवं. मनात एक सरळ, सोयीची वाट तयार झाली होती. उद्या नव्या पथ्याच्या कागदावर 'कळणा बंद' असे दोन शब्द लिहायचे. आबांचा जीव वाचतो. माझी ओळ राहते, डॉक्टरांचं 'छान' राहतं. फाइल बंद होईल, रेकॉर्ड रूममध्ये जाईल, कोण उघडून बघतंय? भिकुबाई गावी जातील, म्हशी बघतील. बायका काय, सोसतात. हे वाक्य माझ्याच डोक्यात आलं, काकांच्या नव्हे, आणि ते आल्यावर मला माझी इतकी किळस वाटली की मी चपला उलट्या-सुलट्या घालून जिना उतरले.

पांझरेच्या पुलावर रिक्षा अडकली. खाली नदीत पाणी कमी, वाळूच जास्त, ऊन डोळ्यांत घुसत होतं. मी मॅडमना फोन केला. आधी पिठाचं सांगितलं, मग वहीचं. दीड दिवस, शेवभाजी, सगळं. मधे गाड्यांचे हॉर्न इतके होते की काही वाक्यं मला दोनदा ओरडून सांगावी लागली. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघायला लागला. मग मॅडम म्हणाल्या, "या वेळी तीन दिवस पूर्ण करशील ना?" या वेळी. म्हणजे त्यांना तेव्हाही माहीत होतं. "हो, मॅडम." "मग जा. नोंद गिरगटायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिही, सही, तारीख, वेळ. डॉक्टरांना मी सांगते." इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटचं काय होणार ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. फोन ठेवला तेव्हा शुक्रवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं.

वॉर्डात पोचले तेव्हा प्रेमराज निघायच्या तयारीत होता. आईच्या कपड्यांची पिशवी त्याच्या खांद्याला, हातात मोबाइल. भिकुबाई आबांच्या पायांशी बसून त्यांच्या तळव्यांना खोबरेल चोळत होत्या, सावकाश, गाडीबिडी काही नसल्यासारख्या. मला पाहून त्यांनी तेलाची बाटली बंद केली. त्यांच्या लेखी मी आता कोण होते ते त्या बंद झाकणावरून कळलं.

"अक्का," मी म्हटलं. "कळण्यात मीठ कधी टाकता?"

"कयनामा?" त्यांनी संशयाने पाहिलं, पुन्हा नवा सापळा म्हणून. "दयाना टाईमले. धान्यामाच टाकतस ना. बठ्ठा गाव टाकस."

"आमच्याकडेही टाकतात. माझी आईही टाकते."

"मंग?"

"ते मीठ... तेच आबांच्या अंगात जात होतं."

"ते मीठ बी धरनं पडस का?" त्यांनी एवढं विचारलं, आणि मग त्यांना कळलं. चेहरा एकदम उतरला. मला वाटलं होतं, खोटेपणाचा आळ गेला म्हणून त्यांना हायसं वाटेल. मूर्ख मी. त्यांनी आबांच्या सुजलेल्या घोट्यावरून हात फिरवला आणि पुटपुटल्या, "म्हनजे मनाच हातनी सूज शे ही." डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. दोन दिवस मुलाची बोलणी खाताना ही बाई रडली नव्हती.

"नाही अक्का," मी खाली बसले, त्यांच्या पायांशी, फरशीवर. "तुम्ही मी विचारलं त्याचं खरं उत्तर दिलंत. मी बरोबर विचारलं नाही. चूक माझी आहे. तुम्ही खोटं बोललात असं मी लिहिलं, ते खोटं होतं."

खाटेवरून आबांचा आवाज आला, धापेधापेने, पण त्यात हसू होतं. "मी म्हने, बठ्ठं अळणी, मंग भाकरच कशी इतली गोड लागस? दोनना चार खावाले लागनू मी. तुना हातनी भाकर शे, म्हनीसन गोड शे, असं समजनू." आणि त्यांना खोकला आला. भिकुबाईंनी पदराचा बोळा तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या, त्यांनाच ठाऊक. "चार भाकरी खाईसनी बी मले सांगता उनं नही तुमले," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली.

मी फाइल घेतली. गुरुवारच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. खालचं वाचता येत होतं, शब्द न् शब्द. बाजूला लिहिलं, सही केली, तारीख आणि वेळ घातली. तीन सत्तेचाळीस. फाइल मिटणार तोच भिकुबाई म्हणाल्या, "काय लिखं?"

मी वाचून दाखवलं. "वरील नोंद चुकीची आहे. पत्नीने दिलेली माहिती खरी होती. मीठ दळणात होते. ते विचारायचे माझ्याकडून राहिले. पत्नीने अठरा दिवस पथ्य पाळले."

त्यांनी खाली मान घालून ऐकलं. "परत वाच."

परत वाचलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला होता. प्रेमराज दाराशी होता, मोबाइलच्या पडद्यावर त्याचा अंगठा नुसताच फिरत होता. भिकुबाईंनी पदर सारखा केला आणि हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवलं.

"प्रेमा, आठे ये," त्या म्हणाल्या. तो आला. मग माझ्याकडे वळून, "आते मोठा आवाजमा वाच. याले ऐकू दे."

मी उभी राहिले आणि वाचलं. वॉर्डाच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. सिस्टरही टेबलावरून बघायला लागल्या. शेवटची ओळ वाचताना माझा आवाज चिरकला, तरी थांबले नाही. भिकुबाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या, आणि डोळे मुलाच्या तोंडावरून हलू देत नव्हत्या. वाचून झालं. प्रेमराजने मोबाइल खिशात घातला. "सून डबा करी ते करू दे," भिकुबाई म्हणाल्या, "पन भाकर मी करसू. बिगरमिठना कयना दयीसन. ही पोर सांगी कसा ते."

"हो माय," तो म्हणाला. आणि खांद्यावरची पिशवी काढून त्याने ती आबांच्या खाटेखाली, भिंतीपर्यंत, आत सरकवली.